सिसिली : एकाच भिंतीत अडीच हजार वर्षे

सिराक्यूज शहराच्या कॅथेड्रलमध्ये बाजूच्या भिंतींत जाडजूड दगडी खांब अर्धे चिणलेले दिसतात. हे खांब चर्चचे नाहीत. इसवी सनापूर्वी 480 मध्ये हिमेरा इथे सिराक्यूजचा सत्ताधीश गेलोन याने कार्थेज या उत्तर आफ्रिकेतल्या सत्तेच्या फौजेचा पराभव केला आणि त्यानंतर अथीना देवीचे मंदिर बांधले, त्याचे ते खांब. सातव्या शतकात खांबांमधल्या मोकळ्या जागा भिंतीने भरून काढल्या, गाभाऱ्याच्या भिंतींत कमानी कोरल्या, आणि मंदिराचे चर्च झाले. 878 मध्ये अरबांनी शहर घेतल्यावर तिथे मशीद झाली आणि नॉर्मन आल्यावर पुन्हा चर्च. 1693 च्या भूकंपात दर्शनी भाग पडला, तेव्हा अठराव्या शतकात आंद्रेआ पाल्मा या वास्तुकाराने आजचा बरोक या अलंकृत शैलीचा दर्शनी भाग उभारला. प्रार्थना बदलत गेली, खांब हलले नाहीत.

आपल्याकडच्या युरोप सहलींत इटली म्हणजे बहुतेकदा रोम, फ्लॉरेन्स, पिसा आणि व्हेनिस. सिसिली त्यात क्वचितच असते. भूमध्य समुद्रातले हे सर्वांत मोठे बेट मात्र त्या समुद्रावर सत्ता गाजवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या हातून गेले आहे, आणि तिथे पाहण्यासारखे जे आहे त्यामागे हाच इतिहास आहे.

ग्रीक इथे आले ते शेतजमीन आणि व्यापार शोधत. कॉरिंथहून आलेल्या लोकांनी इ.स.पू. 734 च्या सुमारास सिराक्यूज वसवले. दीडशे वर्षांनी दक्षिण किनाऱ्यावर आक्रागास उभे राहिले, आजचे अग्रिजेंतो. तिथल्या डोंगरसोंडेवर मंदिरांची रांगच आहे. त्यातले ‘कॉन्कॉर्डिया’ म्हणून ओळखले जाणारे मंदिर, इ.स.पू. 440 ते 430 च्या दरम्यानचे, इतके शाबूत राहिले याचे कारण सिराक्यूजसारखेच आहे : सहाव्या शतकाच्या अखेरीस त्याचे चर्च झाले. जवळच झ्यूसचे प्रचंड मंदिर होते. ते कोणाच्याच उपयोगाचे उरले नाही आणि अठराव्या शतकात त्याचे दगड शेजारच्या बंदराचा धक्का बांधायला नेले गेले. सिसिलीत फिरताना हा फरक वारंवार भेटतो. जी वास्तू नव्या देवाने, नव्या राजाने वापरली ती टिकली. जी ओस पडली ती खाण झाली.

रोमनांनी बेटाकडे धान्याचे कोठार म्हणून पाहिले. व्हेरेस नावाच्या सुभेदाराने तर मंदिरांतल्या मूर्ती आणि चित्रे इतकी लुटली की इ.स.पू. 70 मध्ये प्रसिद्ध वक्ता सिसेरो याने त्याच्यावर रोममध्ये खटला चालवला. रोमन काळातले आवर्जून पाहावे असे एक ठिकाण म्हणजे प्यात्सा आर्मेरीनाजवळचा चौथ्या शतकातला वाडा. तिथल्या जमिनीवर सुमारे साडेतीन हजार चौरस मीटर मोझाइक आहे : शिकारी, जहाजात चढवले जाणारे वन्य प्राणी, आणि दोन तुकड्यांची आखूड वस्त्रे घालून व्यायाम करणाऱ्या तरुणी.

खरा गुंता पालेर्मोत आहे. 827 मध्ये उत्तर आफ्रिकेतून निघालेली अरब फौज माझारा इथे उतरली, 831 मध्ये पालेर्मो पडले आणि ते बेटाची राजधानी झाले. अरबांनी पाटपाण्याची नवी तंत्रे आणली, लिंबू, कडू संत्री आणि ऊस यांची लागवड वाढवली. त्यांच्या काळात पालेर्मोत शेकडो मशिदी होत्या असे दहाव्या शतकातला प्रवासी इब्न हौकल सांगतो. आज त्यातले जवळजवळ काहीही उभे नाही. पर्यटकाला ‘अरबी’ म्हणून जे दाखवले जाते, ते बहुतांश अरबांची सत्ता गेल्यानंतर, ख्रिस्ती राजांनी बांधून घेतलेले आहे. मला वाटते, पालेर्मो समजून घ्यायचे तर ही गोष्ट आधी ध्यानात घ्यायला हवी.

हे राजे म्हणजे नॉर्मन. उत्तर फ्रान्समधून भाडोत्री सैनिक म्हणून दक्षिण इटलीत आलेल्या या घराण्याने 1061 मध्ये मेसिना, 1072 मध्ये पालेर्मो आणि 1091 पर्यंत सारे बेट जिंकले. ते लढवय्ये होते, पण संख्येने मूठभर. महसुलाची दफ्तरे अरबीत होती, प्रजेत मुसलमान आणि ग्रीक ख्रिस्ती मोठ्या संख्येने होते. कारभार चालवायचा तर अरबी लेखनिक आणि ग्रीक अधिकारी हवेच होते. 1130 च्या नाताळात राज्याभिषेक झालेल्या दुसऱ्या रॉजरने ही गरजच दरबाराची शैली करून टाकली. त्याच्यासाठी 1133-34 मध्ये शिवलेल्या झग्याच्या काठावर अरबी मजकूर भरतकामात आहे आणि वर्ष हिजरी 528 असे दिले आहे. तो झगा आता व्हिएन्नात आहे. अरब भूगोलज्ञ अल्-इद्रिसीने जगाच्या नकाशांचा आपला ग्रंथ 1154 मध्ये पुरा केला तोही रॉजरसाठीच.

या दरबाराचे सगळ्यांत दाट रूप राजवाड्यातल्या ‘कापेला पालातीना’ या खासगी प्रार्थनागृहात दिसते. मांडणी लॅटिन चर्चची. भिंतींवर सोनेरी मोझाइक, बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या, परंपरेतल्या कारागिरांनी घडवलेले, ग्रीक अक्षरांसह. आणि छत लाकडी मुकर्नसचे : एकाखाली एक लोंबणारे कोनाडे, त्यांवर अरबी अक्षरे आणि रंगवलेली माणसे. वादक आहेत, नर्तकी आहेत, पेले हाती घेतलेले दरबारी आहेत, बुद्धिबळ खेळणारे दोघे आहेत. मान दुखेपर्यंत वर पाहत राहावे असे हे छत आहे. भारतात जन्मलेला खेळ बाराव्या शतकात इथवर पोहोचला होता हे त्यात दिसते, तेव्हा विशेष आनंद होतो. शहराजवळच्या मोनरेआले इथे नॉर्मन राजा दुसऱ्या विल्यमने कॅथेड्रल उभारले. तिथे साडेसहा हजार चौरस मीटरच्या आसपास मोझाइक आहे आणि मठाच्या अंगणाभोवती जोडीजोडीने उभे असलेले 228 खांब, निरनिराळ्या नक्षीकामाचे.

याला सर्वधर्मसमभावाचा सुवर्णकाळ म्हणण्याचा मोह होतो, आणि माहितीपत्रके तो आवरत नाहीत. 1149 च्या एका स्मृतिशिलेवर लॅटिन, ग्रीक, अरबी आणि हिब्रू लिपीतली अरबी असे चार लेख आहेत, ही गोष्ट खरीच थक्क करणारी आहे. पण 1184 च्या अखेरीस इथे आलेला प्रवासी इब्न जुबैर दरबारातल्या मुसलमानांच्या मनातली धाकधूकही नोंदवतो. पुढे रॉजरचाच नातू दुसरा फ्रेडरिक याने 1220 च्या दशकापासून बेटावरच्या मुसलमानांना इटलीच्या मुख्य भूमीवरच्या लुचेरा गावी हलवले. 1492 मध्ये स्पॅनिश राजसत्तेने ज्यूंनाही बेट सोडण्याचा हुकूम काढला. ज्यांच्या कारागिरीचे आज तिकीट काढून कौतुक होते, त्यांच्या वंशजांना तिथे राहू दिले गेले नाही.

आग्नेय सिसिलीचे आजचे रूप मात्र एका आपत्तीने घडवले. 11 जानेवारी 1693 च्या भूकंपात सुमारे 60,000 माणसे मेली. नोटो शहर जुन्या जागी पुन्हा न बांधता काही किलोमीटर दूर नव्याने आखले गेले, तर रागूझात काहींनी वर नवे शहर वसवले आणि काहींनी जुन्या जागीच, इब्लात, राहणे पसंत केले. मधाच्या रंगाचा मऊ स्थानिक दगड कोरायला सोपा. म्हणून सज्ज्यांखाली सिंह, जलपऱ्या आणि वेडीवाकडी तोंडे यांची गर्दी झाली. रोसारिओ गाल्यार्दी हा या भागातला मोठा वास्तुकार.

अठराव्या शतकातच उत्तर युरोपीय प्रवासी येऊ लागले. जर्मन कवी गटे 1787 च्या वसंतात आला. त्याच्या पिढीला ओढ होती ती ग्रीक अवशेषांची. नॉर्मन काळाची कदर पुढे वाढत गेली. युनेस्कोच्या यादीतही हाच क्रम दिसतो : अग्रिजेंतो 1997, नोटो परिसरातली आठ गावे 2002, आणि पालेर्मो, चेफालू, मोनरेआले इथल्या अरब-नॉर्मन वास्तू थेट 2015 मध्ये. नोटोच्या कॅथेड्रलचा घुमट 1996 च्या मार्चमध्ये कोसळला होता. तो पुन्हा उभारून 2007 मध्ये चर्च खुले झाले आणि आज तिथे नियमित प्रार्थना होते.