शालेय इमारत कर्जरोखे

शालेय इमारत कर्जरोखे : सार्वजनिक शाळांच्या इमारती बांधण्यासाठी, मजबूत करण्यासाठी किंवा त्यांच्या मोठ्या दुरुस्तीसाठी राज्य शासन अथवा स्थानिक स्वराज्य संस्था बाजारात विकते ते कर्जरोखे. रोखे घेणाऱ्याला ठरलेल्या दराने व्याज आणि मुदतीअखेर मुद्दल मिळते. नीट बांधलेली शाळा पन्नास वर्षे उभी राहते; मग तिचा सगळा खर्च एकाच वर्षाच्या करदात्यांनी का सोसावा, असा या पद्धतीमागचा विचार आहे. केवळ शाळांसाठी रोखे काढण्याची रीत भारतात रुजलेली नाही. पुण्याला रोख्यांचा अनुभव आहे, पण तो पाण्याच्या कामाचा. पुणे महानगरपालिकेने २०१७ मध्ये चोवीस तास पाणीपुरवठा योजनेसाठी २०० कोटी रुपयांचे, १० वर्षे मुदतीचे, ७.५९ टक्के व्याजाचे रोखे विकले आणि ते मुंबई शेअर बाजारात सूचिबद्ध केले. पाणी आणि शाळा यांत एक मूलभूत फरक आहे. पाण्याला पट्टी लागते, शाळेला कोणतेही उत्पन्न नसते. म्हणून शाळेसाठी काढलेला रोखा शेवटी घरपट्टीतून किंवा राज्याच्या सर्वसाधारण महसुलातून फिटतो, आणि ही बाब ठरावातच स्पष्ट लिहायला हवी.

इमारत कोणाची?

पुण्यात या प्रश्नाला एकच उत्तर नाही. महापालिकेच्या शाळा शिक्षण विभाग चालवतो, इमारतीची मोठी कामे भवन रचना विभागाकडे असतात आणि किरकोळ डागडुजी क्षेत्रीय कार्यालयातून होते. ग्रामीण भागातील शाळा पुणे जिल्हा परिषदेच्या. अनुदानित शाळांत शिक्षकांचे पगार शासन देते, पण इमारत संस्थेच्या मालकीची असते. तिच्यावर सार्वजनिक कर्जाचा पैसा सहजी घालता येत नाही. खरा गुंता समाविष्ट गावांत आहे. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे महापालिका हद्दीत आली (पुढे उरुळी देवाची व फुरसुंगी वगळली गेली). अशा गावांत जिल्हा परिषदेच्या शाळा होत्या, आणि हद्द बदलली म्हणून सातबाऱ्यावरचे नाव आपोआप बदलत नाही. जागा गायरान, गावठाण किंवा ग्रामपंचायतीच्या नावावर राहिली, तर त्या शाळेचे काम रोख्यांच्या यादीत धरू नये. कर्ज एकाचे आणि मालमत्ता दुसऱ्याची झाली की लेखापरीक्षणात आक्षेप निघतो आणि काम मध्येच थांबते.

राज्याचे रोखे शाळेपर्यंत कसे येतात

महाराष्ट्र शासन ‘राज्य विकास कर्जरोखे’ रिझर्व्ह बँकेच्या लिलावातून विकते. व्याज सहामाही दिले जाते. बँकांना हे रोखे वैधानिक रोखता प्रमाणात (ठेवींचा जो हिस्सा रोख, सोने किंवा सरकारी रोख्यांत ठेवावाच लागतो, त्यात) धरता येत असल्याने त्यांना मागणी चांगली असते. मात्र हा पैसा राज्याच्या एकत्रित निधीत जमा होतो. अमुक लिलावातले पैसे अमुक शाळेला, असा धागा तिथे जोडता येत नाही. पुढचे वाटप अर्थसंकल्पातून होते. शासनाने स्वतःच्या मालकीची शाळा बांधली, तर खर्च ४२०२ या भांडवली लेखाशीर्षावर पडतो. जिल्हा परिषदेला किंवा महापालिकेला वर्गखोल्यांसाठी अनुदान दिले, तर तोच खर्च शासकीय लेखा मानकांनुसार राज्याच्या वहीत महसुली, म्हणजे चालू खर्च ठरतो. मालमत्ता मात्र स्थानिक संस्थेच्या वहीत चढते. महाराष्ट्रातील सार्वजनिक शाळा बहुतांशी स्थानिक संस्थांच्या असल्याने हा लेखांकनाचा नियम कळीचा आहे. शाळांवर खर्च वाढवला की राज्याची महसुली तूट वाढलेली दिसते, आणि काटकसरीच्या वर्षी पहिली कात्री या अनुदानालाच लागते. शिवाय राज्यावर केंद्राचे कर्ज असेल, तर संविधानाच्या अनुच्छेद २९३(३) प्रमाणे नवे कर्ज काढायला केंद्राची संमती लागते. वर्षाची कर्जमर्यादा तिथेच ठरते.

महापालिकेचे रोखे

शाळा आणि पैसा यांचा थेट धागा हवा असेल, तर महापालिकेचा रोखा अधिक सरळ. प्रथम स्थायी समिती आणि मुख्य सभेचा ठराव, मग राज्य शासनाची मंजुरी. दुहेरी नोंद पद्धतीचे लेखापरीक्षित ताळेबंद तयार लागतात. कर्ज फेडण्याची ऐपत जोखणाऱ्या पतमानांकन संस्था तेच आधी मागतात. भांडवल बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या २०१५ च्या नियमांनुसार माहितीपत्रक, डिबेंचर ट्रस्टी (रोखेधारकांचे हित जपणारा विश्वस्त) आणि पैशाचे वेगळे खाते लागते. परतफेडीसाठी घरपट्टीसारखे ठरावीक उत्पन्न एस्क्रो खात्यातून फिरवतात : आधी व्याज आणि कर्जनिवारण निधीचा (मुद्दल फेडण्यासाठी दरवर्षी साठवायच्या रकमेचा) हप्ता बाजूला पडतो, उरलेले महापालिकेच्या हाती येते. पिंपरी-चिंचवड महापालिकेनेही २०२३ मध्ये नदी सुधारणेसाठी २०० कोटींचे रोखे काढले, त्यामुळे या कामाची माहिती असलेली माणसे मुळा नदीच्या दोन्ही तीरांवर आहेत.

१०० कोटींचा हिशोब मांडू. दर ७.५९ टक्के, मुदत १० वर्षे, मुद्दल शेवटी एकरकमी. वर्षाचे व्याज ७.५९ कोटी. कर्जनिवारण निधीवर ६.५ टक्के मिळतील असे धरले, तर दहा वर्षांत १०० कोटी साठण्यासाठी दरवर्षी सुमारे ७.४ कोटी टाकावे लागतात. म्हणजे घरपट्टीवर वर्षाला १५ कोटींचा बोजा. निधीचा हप्ता दोन-तीन वर्षे चुकवला, तर पुढची रक्कम झपाट्याने फुगते. हप्ता ‘जमेल तसा’ भरण्याची मुभा ठरावात कधीही ठेवू नये.

कोणते काम कर्जातून करावे

कर्जाची मुदत कामाच्या आयुष्यापेक्षा जास्त नसावी. नव्या वर्गखोल्या, स्तंभ व तुळयांचे मजबुतीकरण, विद्युत तारांची पूर्ण नवी मांडणी, नवी स्वच्छतागृहे, उतरंड मार्ग (रॅम्प) ही कामे दहा वर्षांच्या रोख्यात बसतात. रंगकाम, काचा, नळ, बाके बसत नाहीत. अशा किरकोळ गोष्टींसाठी समग्र शिक्षा योजनेचे संयुक्त शाळा अनुदान आहे : पटाप्रमाणे वर्षाला १० हजारांपासून १ लाख रुपयांपर्यंत, आणि त्यातलेही किमान १० टक्के स्वच्छतेवर. तीन मजली शाळेची गळकी गच्ची या पैशात होत नाही. मुख्याध्यापकांना दरवर्षी प्लास्टिकचा कागद अंथरावा लागतो तो याचमुळे, त्यांच्या हलगर्जीमुळे नव्हे.

यादी संरचना तपासणीवरून करावी, नगरसेवकांच्या मागणीपत्रांवरून नव्हे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५अ प्रमाणे ३० वर्षांपुढच्या इमारतींची तपासणी बंधनकारक आहे. नुसती नजरेची पाहणी पुरत नाही. काँक्रीटचा गाभा काढून ताकद पाहावी. फिनॉल्फथॅलीन फवारून काँक्रीटची अल्कता कुठवर उतरली ते पाहावे; जिथे गुलाबी रंग येत नाही, तिथे सळईचे संरक्षण संपले आहे. सळईचे विद्युत विभव मोजणाऱ्या अर्धविद्युतघट चाचणीत उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली आकडा गेला, तर सळई गंजत असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक असते. पुणे भूकंप क्षेत्र ३ मध्ये धरले जाते (आयएस १८९३, २०१६), म्हणून जुन्या विटांच्या शाळांत लिंटल पट्टी (दारे-खिडक्यांच्या वर भिंतींना बांधून ठेवणारी सलग काँक्रीटची पट्टी) आहे का, हेही पाहिले पाहिजे. २५ जुलै २०२५ रोजी राजस्थानात झालावाड जिल्ह्यातील पिपलोदीच्या शाळेचे छत कोसळून सात मुले दगावली. एका चाचणीचा खर्च अशा वेळी मोजू नये.

पुण्यात सर्वाधिक वेळा चुकते ते गच्चीवर. गळती थांबत नाही म्हणून जुन्या कोब्यावर नवा विटांचा कोबा (वीटतुकड्यांचा जलरोधक थर) टाकतात. १० सेंटिमीटर जाडीचा कोबा चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास भरतो. गच्चीसाठी भारतीय मानकात धरलेला चल भार (माणसे, सामान असे ये-जा करणारे वजन) चौरस मीटरला १५० किलो आहे. म्हणजे एकच जास्तीचा थर गच्चीवर कायमची गर्दी उभी केल्यासारखा आहे. जुना थर स्लॅबपर्यंत खरवडून काढणे ही बाब अंदाजपत्रकात स्वतंत्र लिहावी, नाहीतर ठेकेदार ती टाळतो. खालून प्लास्टर सुटलेल्या तुळईवर नुसता गिलावा चढवणे ही दुसरी चूक. टेकू देऊन, सळईच्या मागे दोन सेंटिमीटरपर्यंत काँक्रीट फोडून, गंज काढून, लेप देऊन मगच पॉलिमर मॉर्टर भरायचे असते. नुसत्या ठिगळाशेजारी दोन-तीन वर्षांत नवा गंज उठतो. रोखा मात्र अजून सात वर्षे फेडायचा असतो.

वेळेचे गणित

शाळा मेमध्ये रिकामी होते आणि जूनच्या मध्यावर भरते. पाऊस साधारण १० जूनला दार ठोठावतो. छताच्या कामाला मिळतात पाच-सहा आठवडे. तेवढ्यात काम व्हायचे, तर तांत्रिक मान्यता डिसेंबरपर्यंत, निविदा जानेवारीत आणि कार्यादेश एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात निघायला हवा. आचारसंहिता आडवी आली तर अख्खे वर्ष जाते. म्हणून रोखे विकण्याआधी किमान पहिल्या वर्षाच्या कामांच्या निविदा तयार असाव्यात. १०० कोटी उभे केले, त्यातले ७० कोटी वर्षभर ६ टक्क्यांच्या ठेवीत पडून राहिले, तर व्याजदरातील तफावतीने सुमारे १.११ कोटी बुडतात. ही भीती काल्पनिक नाही : २०१७ मध्ये रोखे विकल्यानंतर पाणीपुरवठा योजनेच्या निविदा रद्द करून पुन्हा काढाव्या लागल्या, आणि व्याज चालूच राहिले.

अन्यत्र

ही पद्धत सर्वांत खोल रुजली ती अमेरिकेत. कॅलिफोर्नियात स्थानिक शाळा-रोख्यांना मतदारांची मंजुरी लागते. पूर्वी दोन-तृतीयांश मते लागत, २००० च्या दुरुस्तीने ती अट ५५ टक्क्यांवर आली, पण सोबत नागरिकांची देखरेख समिती आणि वार्षिक लेखापरीक्षण बंधनकारक झाले. राज्य स्वतंत्र रोखे काढून नव्या बांधकामाला किमान निम्मा आणि आधुनिकीकरणाला किमान ६० टक्के वाटा देते. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथल्या मतदारांनी अशा १० अब्ज डॉलरच्या रोख्यांना मान्यता दिली. वाईट उदाहरणही तिथलेच. पोवे या शाळा-जिल्ह्याने २०११ मध्ये सुमारे १०.५ कोटी डॉलर असे उभे केले, की परतफेड दोन दशके पुढे ढकलली जाऊन एकूण देणे ९८ कोटी डॉलरवर गेले. त्यानंतर २०१३ च्या कायद्याने अशा रोख्यांची मुदत २५ वर्षे आणि एकूण परतफेड मुद्दलाच्या चौपटीपर्यंत बांधली गेली.

भारतात जवळचे उदाहरण केरळचे. तिथल्या पायाभूत सुविधा गुंतवणूक निधी मंडळाने २०१९ मध्ये परदेशात २,१५० कोटींचे रुपया-रोखे ९.७२३ टक्के दराने विकले. याच मंडळाच्या पैशातून निवडक सरकारी शाळांना प्रत्येकी ५, ३ किंवा १ कोटी रुपये मिळून इमारती उभ्या राहिल्या. शाळा खरोखर सुधारल्या. पण मंडळाचे कर्ज वाहन करातील वाट्यातून आणि इंधन उपकरातून फिटणार असल्याने महालेखापरीक्षकांनी ते राज्याचेच दायित्व मानले, आणि केंद्राने ते केरळच्या कर्जमर्यादेत धरले.