दोरी, दंड आणि एक मिलिमीटरची कांडी

"ताई, दोरीखालून दोन बोटं सहज जात होती हो. नखांचा रंगही आम्ही सारखा बघत होतो."

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या माझ्या फिजिओथेरपीच्या खोलीत एका रुग्ण बाईने हे सांगितलं, ते तिसऱ्या भेटीत. आधीच्या दोन भेटींत 'झोपेत हात अंगाखाली आला' एवढंच कारण होतं. उजवा पंजा मनगटातून खाली लोंबत होता. लाटणं धरलं की निसटायचं. मी तिचं मनगट माझ्या तळहातावर वर उचलून धरलं आणि म्हटलं, आता माझं बोट आवळ. तिने चांगलं घट्ट आवळलं! म्हणजे मूठ वळणारे स्नायू शाबूत होते. मनगट उचलणाऱ्या स्नायूंना मेंदूचा निरोप पोचत नव्हता.

दोघं नवरा-बायको तिशीतले. 'शिबारी' म्हणजे जोडीदाराला दोरीने बांधण्याच्या जपानी पद्धतीची आवड दोघांनाही, आणि सगळं राजीखुशीने. यात मला वावगं काही दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ पासून लागू झालेली रोगांची यादीही सज्ञान माणसांच्या परस्परसंमतीच्या अशा आवडीला आजार म्हणत नाही. संकोचापायी खरं कारण सांगायला तीन भेटी लागल्या, याचं वाईट वाटलं.

त्या दोघांची काळजी खरी होती, पण ती भलत्याच गोष्टीची होती. मला वाटतं, घोळ आपल्या 'नस' या शब्दात आहे. रक्त नेणारी शीर ती नस, स्नायूचा कंडरा तोही नस आणि मेंदूचा निरोप नेणारा मज्जातंतू तोही नसच. त्यामुळे दोरी म्हटलं की आपण रक्ताचाच विचार करतो. बोटं जांभळी पडतात, कारण शिरांतला दाब कमी असल्याने त्या आधी मिटतात आणि धमन्या मात्र रक्त आत ढकलत राहतात. हे दिसतं, आणि दोरी सोडली की बहुधा ओसरतं. शस्त्रक्रियेत हाताचा रक्तपुरवठा रुंद पट्ट्याने तास-दीड तास बंद ठेवतात, तरी हात सहसा पूर्ववत होतो. मज्जातंतू दाबला गेला तर नख गुलाबीच राहतं.

मज्जातंतूतला एकेक धागा उसासारखा असतो. मायेलिन या चरबीयुक्त आवरणाची जेमतेम एक मिलिमीटरची कांडी, मग उघडी खाच, पुन्हा कांडी. या खाचा फ्रान्सच्या रॅनव्हिए यांनी १८७० च्या दशकात दाखवल्या. विजेचा निरोप कांडीतून सरपटत जात नाही, या खाचेतून त्या खाचेत उडी मारतो. म्हणूनच तो सेकंदाला पन्नास-साठ मीटर धावतो.

१९७२ मध्ये ओचोआ, फाउलर आणि गिलियट या संशोधकांनी बबून माकडांच्या पायाला पट्टा आवळून नंतर ते धागे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. सर्वांत जास्त इजा पट्ट्याच्या मधोमध असेल असं कुणालाही वाटेल. ती निघाली दोन्ही कडांपाशी. दाबलेल्या भागातून न दाबलेल्या भागाकडे धाग्यातला गर ढकलला गेला होता आणि घडीच्या छत्रीच्या दांड्यात नळीत नळी सरकावी तशी एक कांडी शेजारच्या कांडीत घुसली होती. खाचच झाकली गेली, मग निरोपाने उडी मारायची कुठे? शिवाय हे झालं होतं जाड धाग्यांना. वेदना नेणारे बारीक धागे जवळपास जसेच्या तसे होते. म्हणून हातातली ताकद जाते तरी फारसं दुखत नाही, आणि हात बांधलेलाच असल्यामुळे तो उचलता येत नाही हे कळतही नाही.

दाब म्हणजे जोर भागिले क्षेत्रफळ, हे शाळेत झालंय. गोल दंडावर गुंडाळलेल्या दोरीचा दाब काढायला तिचा ताण दंडाच्या त्रिज्येने आणि दोरीच्या रुंदीने भागायचा. सहा मिलिमीटर जाडीची दोरी, चार सेंटिमीटर त्रिज्येचा दंड, ताण अवघा एक किलो. उत्तर येतं पाऱ्याचे सुमारे ३०० मिलिमीटर. सशांवरच्या प्रयोगांत २० ते ३० मिलिमीटरलाच मज्जातंतूच्या बारीक शिरांतला प्रवाह मंदावला होता आणि ६० ते ८० ला त्याच्या आतलं रक्ताभिसरण थांबलं होतं. तोच एक किलो शेजारी-शेजारी बसवलेल्या चार वेढ्यांत वाटला गेला तर दाब चौथाईवर येतो. वेढे एकमेकांवर चढले किंवा एकच दोरी ओढली गेली की हा हिशेब कोसळतो.

बडोद्याला दोरी नवी नाही. जुम्मादादा व्यायाममंदिराचं हे शहर, आणि लहानपणी मीही दोरीच्या मल्लखांबावर चढले आहे. पण तिथे पकड आपलीच असते, क्षणाक्षणाला बदलते आणि नको वाटलं की सोडता येते. बांधलेल्या माणसाची सुटका दुसऱ्याच्या हातात असते.

म्हणून जागा ओळखा. मनगट उचलणारा मज्जातंतू दंडाच्या हाडाला मागून वळसा घालून बाहेरच्या बाजूला येतो आणि तिथे त्याच्याखाली थेट हाड असतं. कोपराची आतली बाजू, मनगटाची अंगठ्याकडची कड आणि गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूचं हाडाचं टोक, इथेही तेच. मानेला दोरी कधीच नाही. दर काही मिनिटांनी मनगट वर उचलायला, बोटं फाकवायला, अंगठा करंगळीला टेकवायला सांगा. एकही हालचाल अडली तर गाठी सोडत बसू नका, कापा. बोथट टोकाची मजबूत कात्री हाताशी हवीच. दारू नको, बांधलेल्या माणसाला एकटं सोडणं नको, आणि थांबायचा शब्द आधीच ठरलेला हवा. टांगून घेणं नवशिक्यांनी करू नये. मधुमेह असेल तर तो आधी सांगा. काहींना सतराव्या गुणसूत्रावरचा एक तुकडा जन्मतःच कमी असतो आणि त्यांचे मज्जातंतू मांडी घालून बसल्यानेही बधिरतात.

इजा झाली तर 'नसेवर नस चढली' म्हणून रगडून घेऊ नका. सरकलेली कांडी कुठल्याही तेलाने जागेवर येत नाही, शरीर ती नव्याने बांधतं आणि त्याला काही आठवडे लागतात. आतला धागाच तुटला असेल तर तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. तागाची दोरी अंगातली ऊर्जा मोकळी करते म्हणणाऱ्यांवरही विश्वास ठेवू नका. ताग चांगला तो गाठ घसरत नाही म्हणून.

तिला मी मनगटाचा आधारपट्टा दिला, व्यायाम दिले. सातव्या आठवड्यात मनगट आपोआप वर आलं. मग तिने विचारलं, हे नीट शिकायचं कुणाकडून?

एकट्याने व्हिडिओ बघून शिकण्यापेक्षा जाणत्यांमध्ये बसलेलं बरं. भारतात संमती आणि सुरक्षिततेवर उघडपणे बोलणारा 'द किंकी कलेक्टिव्ह' हा गट आहे. अशी मंडळी आधी भर गर्दीच्या कॅफेत साध्या कपड्यांत, दोरीविना भेटतात. जिथे कुणी ना कुणी ओळखीचं निघतंच अशा आपल्या शहरात टोपणनावाने जाण्यात काही गैर नाही. पहिल्याच भेटीत घरी बोलावणाऱ्याकडे जाऊ नका. शिकवणाऱ्याला एवढं विचारा: तुमच्या हातून कुणाला इजा झाली का, आणि तेव्हा तुम्ही काय केलंत? जो 'कधीच नाही' म्हणून विषय बदलेल, त्याच्या हातात दोरी देऊ नका.