गुरांच्या अंगातलं रक्त गेलं कुठे?

एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, एकाच रस्त्याच्या कडेने असलेल्या वेगवेगळ्या कुरणांत सहा गुरं मेलेली सापडली. सगळ्यांच्या जिभा गायब होत्या. तोंडाच्या एका बाजूची कातडी सरळ रेषेत कापल्यासारखी निघाली होती. रक्त सांडलेलं नाही, गवत तुडवलेलं नाही, पावलांचे किंवा टायरचे ठसे नाहीत, असं मॅडिसन काउंटीच्या शेरीफ कार्यालयाने जाहीर केलं.

हे वर्णन नवं नाही. गेली पन्नासहून जास्त वर्षं ते जवळजवळ याच शब्दांत पुन्हा पुन्हा येतं आहे.

सुरुवात एका घोडीपासून झाली. सप्टेंबर १९६७ मध्ये कोलोरॅडोतल्या अलामोसाजवळ, सान लुईस खोऱ्यात, ‘लेडी’ नावाची तीन वर्षांची घोडी मेलेली सापडली. वर्तमानपत्रांनी तिचं नाव ‘स्निपी’ छापलं आणि पुढे तेच रूढ झालं. मान आणि डोकं हाडापर्यंत स्वच्छ, बाकीचं धड शाबूत. त्या काळात उडत्या तबकड्यांची चर्चा जोरात होती, त्यामुळे दोन्ही गोष्टींची सांगड घातली गेली. एका पशुवैद्याला तिच्या मागच्या भागात गंभीर संसर्गाच्या खुणा दिसल्या. तडफडणाऱ्या जनावराची सुटका करायला कुणीतरी गळ्यावर सुरी फिरवली असावी, असा त्याचा अंदाज होता. तबकडी लोकांच्या लक्षात राहिली, संसर्ग राहिला नाही.

१९७३ पासून कॅन्सस, नेब्रास्का, मग कोलोरॅडो अशी लाट पसरली. डोळा, कान, जीभ, सड, जननेंद्रिय, गुदद्वार एवढंच गेलेलं आणि रक्ताचा थेंब नाही. ऑगस्ट १९७५ मध्ये कोलोरॅडोचे सिनेटर फ्लॉइड हॅस्केल यांनी एफबीआयला पत्र लिहून मदत मागितली. एकट्या त्यांच्या राज्यात अशा १३० घटना झाल्याचं त्यांचं म्हणणं होतं. हा आमच्या अधिकारातला विषय नाही, असं उत्तर आलं. पशुपालक बंदुका घेऊन रात्री जागू लागले, आणि वरून हेलिकॉप्टर गेलं की गोळ्या झाडू लागले.

या माणसांना भोळसट ठरवणं मला अन्यायाचं वाटतं. त्यांच्या संशयाला आधार होता. मार्च १९६८ मध्ये युटातल्या स्कल व्हॅलीत सहा हजारांच्या आसपास मेंढ्या एकाएकी मेल्या. जवळच्या डगवे चाचणी क्षेत्रात सैन्याने व्हीएक्स या विषारी रसायनाची फवारणी केली होती. सैन्याने आधी हात झटकले, नंतर मालकांना नुकसानभरपाई दिली, पण दोष कबूल केला नाही. त्याआधी, १० डिसेंबर १९६७ रोजी, न्यू मेक्सिकोतल्या डल्सी गावाच्या परिसरात जमिनीखाली २९ किलोटनांचा अणुस्फोट केला गेला. उद्देश होता खडकात अडकलेला नैसर्गिक वायू मोकळा करण्याचा. हेच डल्सी पुढे गुरांच्या गूढ मृत्यूंसाठी गाजलं. सरकार गुपचूप गुरांचे अवयव नेऊन किरणोत्सर्ग तपासतं, हा तर्क तिथल्या लोकांनी हवेतून काढला नव्हता.

त्यात पोटाचा प्रश्न. १९७३ मध्ये निक्सन सरकारने मांसाच्या भावावर मर्यादा घातली, गृहिणींनी मांसावर बहिष्कार टाकला, आणि दुसरीकडे धान्य महागल्याने खुराकाचा खर्च चढला. १९७४ मध्ये गुरांचे भाव कोसळले. विस्कॉन्सिनमध्ये शेतकऱ्यांनी निषेध म्हणून शेकडो वासरं मारून खड्ड्यात पुरली, तीही याच वर्षी ऑक्टोबरात. वॉटरगेट प्रकरणात राष्ट्राध्यक्षांनी राजीनामा दिला तोही त्याच वर्षी. वॉशिंग्टनवरचा राग आणि कुरणातलं कापल्यासारखं दिसणारं कलेवर यांची जोड काही इतिहासकारांनी लावली आहे. मला ती पटते.

एप्रिल १९७९ मध्ये न्यू मेक्सिकोचे सिनेटर हॅरिसन श्मिट यांनी आल्बकर्कीत जाहीर बैठक बोलावली. हे श्मिट म्हणजे अपोलो १७ मोहिमेत चंद्रावर चालून आलेले भूशास्त्रज्ञ. त्यानंतर सुमारे ४४ हजार डॉलरच्या सरकारी अनुदानातून चौकशी सुरू झाली. ती केनेथ रोमेल यांच्याकडे सोपवली गेली. रोमेल २८ वर्षं एफबीआयमध्ये काढून निवृत्त झालेले. जून १९८० मध्ये त्यांचा २९७ पानांचा अहवाल आला. त्यांनी पाहिलेल्या प्रकरणांत जनावर आपल्या मरणाने मेलं होतं आणि पुढचं काम कोल्ह्याकुत्र्यांनी, पक्ष्यांनी आणि किड्यांनी केलं होतं, हा त्यांचा निष्कर्ष.

तो अनेकांना पचला नाही. सुरीने कापल्यासारख्या त्या सरळ कडा डोळ्यांनी पाहिल्यावर पचणं अवघडच होतं. म्हणून आर्कान्सातल्या वॉशिंग्टन काउंटीच्या शेरीफ खात्याने १९७९ मध्ये केलेला प्रयोग मला साऱ्या अहवालांपेक्षा मोलाचा वाटतो. त्यांनी एक मेलेली गाय शेतात तशीच ठेवली आणि ४८ तास तिच्यावर नजर ठेवली. पोटात वायू साठून गाय फुगली, ताणलेली कातडी फाटली, आणि ती फाट शस्त्राने चिरल्यासारखी दिसू लागली. माश्यांनी अंडी घातली, अळ्यांनी मऊ भाग फस्त केले. दोन दिवसांनी तिच्यात आणि छायाचित्रांतल्या ‘गूढ’ गुरांत फरक उरला नाही.

हे घडतं कसं ते जवळून पाहण्यासारखं आहे. गाय एका कुशीवर पडते. हृदय थांबलं की रक्त आपल्या वजनाने खालच्या बाजूला उतरतं आणि तिथेच गोठतं. वरच्या बाजूला कावळ्याच्या जातीचा एखादा पक्षी डोळा टोचतो, तेव्हा तिथून वाहायला रक्तच नसतं. कोल्हा सुरुवात करतो ती जिथे कातडं जाड नाही तिथून: ओठ, बाहेर आलेली जीभ, सड, शेपटीखालचा भाग. आतल्या वायूने गुदद्वार बाहेर ढकललेलं असतं, ते गोल कोरून काढल्यासारखं जातं. मग ऊन लागून उरलेल्या कातडीच्या कडा सुकतात, आक्रसतात, दातांच्या खुणा पुसल्या जातात. अनेक नोंदींत गेलेला डोळा आणि कान वरच्या कुशीचाच असतो, जमिनीला टेकलेला डोळा जागच्या जागी. गावाबाहेर टाकलेलं जनावर ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना कावळा आधी कुठे बसतो हे सांगावं लागत नाही.

खरोखर माणसाने केलेलं कृत्य कसं दिसतं, याचं उदाहरण १९०३ मधलं आहे, इंग्लंडमधल्या ग्रेट वायर्ली गावचं. तिथे रात्री घोडे, गाई, मेंढ्या यांची पोटं चिरली जात होती. जनावरं जिवंत असताना चिरलेली, त्यामुळे रक्तबंबाळ झालेली. पोलिसांनी पकडलं ते गावच्या पाद्र्याच्या मुलाला, जॉर्ज एदलजी या तरुण वकिलाला. त्याचे वडील शापूरजी हे मुंबईचे पारशी, ख्रिस्ती धर्म स्वीकारून तिकडे गेलेले. जॉर्जला सात वर्षं सक्तमजुरी झाली, आणि तो तुरुंगात असतानाही जनावरांवरचे हल्ले थांबले नाहीत. शेरलॉक होम्सचे लेखक आर्थर कॉनन डॉयल त्याच्या बाजूने उभे राहिले. ते डोळ्यांच्या वैद्यकाचे जाणकार. वर्तमानपत्र नाकाशी धरून वाचणारा जॉर्ज अंधाऱ्या रात्री शेतं ओलांडून जनावर गाठेल कसा, हा त्यांचा सवाल होता. तीन वर्षं शिक्षा भोगल्यावर जॉर्ज सुटला. १९०७ मध्ये त्याला त्या आरोपातून माफी मिळाली, भरपाई एक पैसाही नाही. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फौजदारी अपील न्यायालयाचा कायदा झाला, त्यामागे हे प्रकरणही होतं.

अमेरिकेतही बोट दाखवायला माणसं शोधली गेली. सैतानपूजक टोळ्या हे करतात, असं एका कैद्याने सांगितलं आणि १९७५ च्या सुमारास एका केंद्रीय तपास अधिकाऱ्याने त्याचा माग काढला. पुरावा मिळाला नाही. परग्रहवासीयांची कल्पना लोकप्रिय झाली, पण तिचा वंश जुना आहे: एप्रिल १८९७ मध्ये कॅन्ससच्या एका शेतकऱ्याने आपली कालवड हवाई जहाजाने उचलून नेल्याचं शपथेवर सांगितलं होतं, ती थाप निघाली. काही थोड्या कलेवरांवर मेल्यानंतर धारदार हत्यार चालल्याचं कोलोरॅडोतल्या तपासात दिसलं होतं. खोडी, सूड किंवा गाजलेल्या बातमीची नक्कल, यांतलं काहीही त्यामागे असू शकतं.

या साऱ्यात ती गाय मुळात मेली कशाने, हे विचारायचं राहून गेलं. फऱ्या, पोटफुगी, वीज, विषारी झुडूप यांतलं कोणतंही कारण हजारो एकरांच्या कुरणात एका रात्रीत जनावर आडवं करतं. मालक तिथे पोचतो दोन-तीन दिवसांनी. तोवर शवविच्छेदनाला लागणारे आतले अवयव सडलेले असतात, आणि पंचनाम्यात उरतात ती फक्त डोळ्याची रिकामी खोबण आणि सुकलेली कड.