संपलेला कॉपीराइट परत येतो का?

खानदेशातले एखादे वाचनालय जुनी पुस्तके स्कॅन करायला घेते, तेव्हा तीन नावे हमखास पुढे येतात: धरणगावचे बालकवी, अमळनेरला शिक्षक असलेले साने गुरुजी आणि असोद्याच्या बहिणाबाई. कॉपीराइटची मुदत मात्र तिघांचीही वेगळी मोजावी लागते.

भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर 50 वर्षांची मुदत होती. रवींद्रनाथ टागोर 1941 मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या लेखनावरचे विश्वभारती विद्यापीठाचे हक्क 31 डिसेंबर 1991 ला संपणार होते. तीन दिवस उरले असताना, 28 डिसेंबरपासून, 50 ची 60 वर्षे झाली. आधी वटहुकूम, मग 1992 ची दुरुस्ती. एका लेखकापायी सगळ्यांचीच मुदत वाढवणे अतीच झाले. पण त्यात एक तरतूद शहाणपणाची होती: ज्याचा हक्क आधीच संपला, त्याला तो परत मिळणार नाही.

म्हणून बालकवींच्या (मृत्यू 1918) हयातीत छापलेल्या कविता 1969 पासून खुल्या झाल्या, त्या खुल्याच राहिल्या. साने गुरुजी 1950 मध्ये गेले. 2000 अखेर संपणारा हक्क 2010 अखेरपर्यंत लांबला. बहिणाबाई 1951 मध्ये गेल्या म्हणून अनेक जण 2011 धरतात, ते चूक. गाण्यांचे पुस्तक त्यांच्या पश्चात 1952 मध्ये निघाले, आणि मरणोत्तर प्रकाशनाची मुदत कलम 24 प्रमाणे प्रकाशनापासून मोजतात. उत्तर येते 2012 अखेर.

संपलेला हक्क खरोखर जिवंत केला अमेरिकेने. तिथे पूर्वी कॉपीराइटची सूचना छापली नाही किंवा वेळेत नूतनीकरण केले नाही की हक्क जाई, आणि परदेशी पुस्तके यात हटकून गळत. 1994 च्या कायद्याने, 1 जानेवारी 1996 ला मायदेशी हक्क चालू असलेल्या अशा कृतींना संरक्षण परत दिले. आधीपासून त्या वापरणाऱ्यांना, मालकाची नोटीस आल्यावर, 12 महिन्यांची सवलत ठेवली. वाद्यवृंद संचालक लॉरेन्स गोलान यांचे या कायद्याला दिलेले आव्हान तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये 6 विरुद्ध 2 मतांनी फेटाळले. जुने लेखन पुन्हा बंद केल्याने नवे काहीच लिहिले जात नाही, हा न्या. ब्रेयर यांचा विरोधी मतातला मुद्दा अधिक पटतो.

1 जानेवारी 1996 ला साने गुरुजी आणि बहिणाबाई, दोघांचेही हक्क भारतात चालू होते. अमेरिकेत अशा पुस्तकांना प्रकाशनापासून 95 वर्षे मिळतात. त्यामुळे 1935 ची ‘श्यामची आई’ तिथे 2030 अखेरपर्यंत आणि 1952 ची गाणी 2047 अखेरपर्यंत बंद. फाइल अमेरिकेतल्या सर्व्हरवर चढवण्याआधी हे पाहावे, नाहीतर ती काढून टाकण्याची मागणी येऊ शकते.

भारतातही स्कॅन सरसकट चालत नाही. नव्या आवृत्तीतली टिपणे, चित्रे, संपादकाचे लेखन यांचा हक्क वेगळा असतो. जुनी प्रत घेतली तरी बहिणाबाईंच्या गाण्यांना आचार्य अत्रे यांची प्रस्तावना आहे. अत्रे 1969 मध्ये गेले, म्हणजे तेवढी पाने 31 डिसेंबर 2029 पर्यंत वगळावी लागतील किंवा वारसांची लेखी परवानगी घ्यावी लागेल.