पिंजऱ्यावरून दोनदा पडलेला माणूस

ज्यांनी शाळेत असताना डब्ल्यूडब्ल्यूएफ या अमेरिकी मनोरंजन-कुस्तीच्या पत्त्यांच्या खेळात अंडरटेकर या पैलवानाचा पत्ता हाती येताच त्याची रँक ओरडून मित्राचे पत्ते जिंकले असतील, त्यांना 28 जून 1998 रोजी पिट्सबर्गच्या सिव्हिक अरीनामध्ये झालेली अंडरटेकर विरुद्ध मॅनकाइंड ही लढत वेगळी सांगावी लागणार नाही. तरीही ती पुन्हा एकदा, या वेळी पदार्थविज्ञानाच्या नजरेने पाहावी, अशी माझी शिफारस आहे. या लढतीतले जे पडणे जगभर गाजले ते बरेचसे हिशेबातले होते. जिवावरचा प्रसंग त्यानंतर आला.

लढतीचे नियम ‘हेल इन अ सेल’चे होते. रिंग आणि तिच्या भोवतालची जागा लोखंडी जाळीच्या, छत असलेल्या पिंजऱ्यात बंद केलेली असते आणि कोणत्याही वस्तूने मारले तरी कोणी बाद होत नाही. या पिंजऱ्याची उंची 16 फूट, म्हणजे सुमारे 4.9 मीटर होती. मॅनकाइंडचा मुखवटा घालणारा मिक फोली सुरुवातीलाच छतावर चढून बसला, अंडरटेकर त्याच्या मागोमाग वर गेला आणि काही क्षणांतच त्याने फोलीला खाली, समालोचकांच्या टेबलावर फेकून दिले. अशा लढतींचा निकाल आधी ठरलेला असतो हे खरे. गुरुत्वाकर्षणाला मात्र त्याची कल्पना नसते.

टेबलाच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर 4 मीटरच्या आसपास धरले, तर पडणाऱ्या माणसाचा वेग तिथे ताशी 32 किलोमीटरच्या आसपास पोहोचतो. पण दुखापत वेगाने होत नाही, तो वेग किती अंतरात शून्यावर येतो त्यावर ती ठरते. हिशेब अगदी सोपा आहे: पडण्याची उंची भागिले थांबण्याचे अंतर. टेबल मोडत, वाकत 60 सेंटिमीटर खाली गेले असे मानले, तर शरीरावर गुरुत्वाकर्षणाच्या सरासरी साताठपट भार येतो. तोच माणूस कठीण जमिनीवर 5 सेंटिमीटरांत थांबला असता, तर हा आकडा ऐंशीच्या घरात गेला असता. म्हणजे चक्काचूर झालेल्या टेबलाने स्वतः मोडून फोलीला वाचवले. आपल्याकडे तालमीतली लाल माती खणून भुसभुशीत करतात, त्यामागेही थांबण्याचे अंतर वाढवण्याचेच तत्त्व आहे. इतके असूनही त्याचा खांदा निखळलाच.

स्ट्रेचरवरून नेले जात असताना फोली उठला आणि तशाच खांद्याने पुन्हा छतावर चढला. तिथे अंडरटेकरने त्याचा गळा धरून त्याला छतावर आपटले आणि जाळीचा तो भागच खाली उघडला. हे ठरलेले नव्हते. फोली थेट रिंगमध्ये कोसळला. रिंग जमिनीपासून उंचावर असल्यामुळे हेही अंतर जवळपास 4 मीटरच होते. पण रिंगच्या कापडाखाली पातळ फोम, त्याखाली लाकडी फळ्या आणि त्याखाली पोलादी सांगाडा असतो, आणि तो टेबलासारखा मोडत नाही. रिंग 10 सेंटिमीटर दबली असे धरले, तरी भार चाळीसपट होतो.

चित्रफीत इथे थांबवून खुर्चीकडे पाहावे. छतावर असलेली लोखंडी खुर्ची फोलीबरोबरच खाली आली. जड आणि हलकी वस्तू सारख्याच त्वरणाने पडतात, त्यामुळे हवेत असेपर्यंत त्या खुर्चीपासून त्याला काहीच धोका नव्हता. त्याची पाठ रिंगवर थांबली, खुर्ची मात्र थांबलेली नव्हती, आणि ती त्याच्या चेहऱ्यावर आदळली. त्याचा दात तुटला आणि जबडा निखळला.

त्यानंतर रिंगमध्ये पसरलेल्या ज्या बोर्डपिनांवर फोली आपटला, त्या दिसायला सर्वांत भयंकर आहेत, पण विज्ञानाच्या दृष्टीने त्या किरकोळ होत. पिनेची चपटी टोपी टोकाला जेमतेम सेंटिमीटरभरच आत जाऊ देते. सुमारे 17 मिनिटांनी अंडरटेकर जिंकला.

मेंदूचे नुकसान मात्र कॅमेऱ्यात दिसत नाही. कवटी झटक्यात थांबते, आतला मेंदू क्षणभर पुढे जात राहतो, आणि अशा हादऱ्यात ताज्या आठवणी साठवण्याचे काम विस्कळीत होते. लढतीनंतर फोलीने अंडरटेकरला विचारले की आपण बोर्डपिना वापरल्या का. अंडरटेकरने त्याला स्वतःच्या दंडाकडे पाहायला सांगितले. त्या अजून तिथेच रुतलेल्या होत्या.