बडोद्याचे मध्यवर्ती ग्रंथालय आणि चित्रपट

बडोद्यातील मांडवी भागात असलेले मध्यवर्ती ग्रंथालय भारतातील सार्वजनिक ग्रंथालय चळवळीचे माहेरघर मानले जाते. चित्रपटाच्या इतिहासाशीही त्याचे नाते आहे, मात्र ते सहसा सांगितले जात नाही. सिनेमा हा तंबूतला आणि थिएटरातला तमाशा समजला जात होता, त्या काळात बडोदा संस्थानाने तो ग्रंथालय खात्याच्या हाती दिला होता.

तिसरे सयाजीराव गायकवाड यांनी 1906 मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. शाळेतून बाहेर पडलेल्या मुलाला पुढे वाचायला काही मिळाले नाही, तर काही वर्षांत तो अक्षरे विसरतो. महाराजांना ही भीती होती आणि ती रास्तच होती. म्हणून 1910 मध्ये त्यांनी विल्यम ॲलन्सन बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून ग्रंथालय खाते उभे केले. बोर्डन 1913 पर्यंत बडोद्यात होते. राजवाड्यातील स्वतःचा ग्रंथसंग्रहही महाराजांनी लोकांसाठी मोकळा केला. 1911 मध्ये ग्रंथपालांसाठी वर्ग सुरू झाले. 1912 पासून ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत निघू लागले. मांडवीच्या इमारतीत पुस्तकांच्या लोखंडी मांडण्या मजल्यावर मजला चढवून उभ्या केल्या आहेत आणि मधल्या मजल्यांची जमीन जाड काचेची आहे. वरचा उजेड काचेतून खाली झिरपतो, त्यामुळे खालच्या मांडणीतल्या पुस्तकांच्या पाठीवरची नावेही वाचता येतात.

खात्याचा खरा कस खेड्यांत लागत होता. पुस्तकांच्या लाकडी पेट्या गावोगाव फिरत, पण ज्याला वाचताच येत नाही त्याच्यासाठी पेटीत काय? या प्रश्नातून दृश्यशिक्षण शाखा निघाली. जादूचे कंदील (काचेवरची चित्रे दिव्याने पडद्यावर मोठी करून दाखवणारी यंत्रे), त्यांच्या काचपट्ट्या, स्टिरिओस्कोप आणि सिनेमाची यंत्रे हे तिचे साहित्य. ते घेऊन खात्याची माणसे गावी जात आणि खेळ फुकट दाखवत. स्टिरिओस्कोप हे साधेच उपकरण: दोन भिंगांच्या चौकटीपुढे एकाच देखाव्याची, किंचित वेगळ्या कोनातून घेतलेली दोन छायाचित्रे असलेले कार्ड अडकवायचे, डोळे भिंगांना लावायचे आणि कार्ड मागेपुढे सरकवायचे. एका ठिकाणी दोन्ही चित्रे एकमेकांत मिसळतात आणि सपाट कागदाला एकदम खोली येते. कंदिलाच्या काचपट्ट्यांना मात्र बोलणारा माणूस लागे. चित्र पडद्यावर स्थिर असते, समजावून सांगणारा ते पुढे नेतो. मूकपटांच्या बाबतीतही तेच होते, कारण पडद्यावरच्या अक्षरांच्या पाट्या निरक्षर प्रेक्षकाला वाचता येत नाहीत. शिवाय त्या काळची फिल्म नायट्रेटची, म्हणजे पटकन पेट घेणारी. दिव्यासमोरून ती फिरवताना फार जपावे लागे.

सार्वजनिक ग्रंथालयाने पुस्तक आणि पडदा एकाच कपाटात ठेवावेत, असा विचार त्या वेळी फार थोड्यांनी केला असेल. बडोद्याच्या ग्रंथालय चळवळीबद्दल लिहिणारे वर्गीकरणावर आणि फिरत्या पेट्यांवर पानेच्या पाने खर्च करतात, दृश्यशिक्षण शाखेला मात्र दोन ओळी मिळतात. खरे तर तिथेच या खात्याचे मन सर्वांत स्पष्ट दिसते. जे. एस. कुडाळकर, न्यूटन मोहन दत्त हे बोर्डन यांच्यानंतरचे प्रमुख आणि गुजराती गावांत वाचनालये उभी करणारे मोतीभाई अमीन यांचे श्रम याच चळवळीत आहेत.

याच शहराचा दुसरा धागा दादासाहेब फाळक्यांपर्यंत जातो. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून फाळके 1890 मध्ये बडोद्याच्या कलाभवनात आले. त्रिभुवनदास गज्जर यांच्या या संस्थेत त्यांनी चित्रकलेबरोबर छायाचित्रण आणि त्याची रसायने हाताळली. कलाभवन आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रविद्या शाखा आहे. मध्यवर्ती ग्रंथालय निघाले तेव्हा फाळके बडोदा सोडून कित्येक वर्षे झाली होती, तेव्हा दोहोंचा थेट संबंध जोडू नये. जोडायची तर वर्षे जोडावीत: त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी मुंबईत लागला, त्याच सुमारास बडोदा संस्थानाचे ग्रंथालय खाते आकार घेत होते. फाळकेही छापील मजकुरातून शिकणारे होते. लंडनचे ‘बायोस्कोप’ साप्ताहिक वाचून 1912 मध्ये ते त्याच्या संपादकाला थेट जाऊन भेटले.

ग्रंथालयाच्या संस्कृत विभागाचाही इथे उल्लेख हवा. या विभागातर्फे निघणाऱ्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत भरताच्या नाट्यशास्त्राचा पहिला खंड अभिनवगुप्ताच्या टीकेसह 1926 मध्ये प्रसिद्ध झाला. संपादक रामकृष्ण कवी. पुढच्याच वर्षी हा विभाग प्राच्यविद्या मंदिर म्हणून वेगळा झाला. रस आणि अभिनय यांवर बोलणाऱ्या अभ्यासकाला, मग तो रंगभूमीचा असो की सिनेमाचा, ही आवृत्ती टाळता येत नाही.

चित्रपट पुरस्कारांकडे वळले तर कलाभवनाचे विद्यार्थी दादासाहेब फाळके यांच्या नावाचा पुरस्कार 1969 सालापासून दिला जातो. पहिला मान देविका राणी यांचा. दुर्गा खोटे, व्ही. शांताराम, लता मंगेशकर, भालजी पेंढारकर ही त्यातली मराठी नावे बडोद्याच्या दांडिया बाजारातील मराठी घरांत आपल्याच माणसांसारखी घेतली जातात. त्याआधी 1954 मध्ये पहिले राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाले. कथापटाचे सुवर्णपदक आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला मिळाले. हा चित्रपट साने गुरुजींच्या, म्हणजे मराठी वाचनालयात हमखास सापडणाऱ्या, पुस्तकावरून घेतलेला होता. त्याच वर्षी माहितीपटाचे सुवर्णपदक ‘महाबलीपुरम’ या लघुपटाला मिळाले. दूरच्या ठिकाणची शिल्पे पडद्यावर दाखवणारा हा चित्रपट दृश्यशिक्षण शाखेच्या पेटीत सहज मावला असता.