पेडल खाली जातं म्हणजे हवाच, असं नाही

जुन्या स्पोर्ट्स गाडीला मोठे कॅलिपर (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारे भाग) बसवले आणि ब्रेकचं पेडल खोल गेलं, की नागपुरातल्या गॅरेजांत एकच निदान ऐकू येतं: ‘ब्रेक ऑइलच्या लाइनमध्ये हवा आहे, परत हवा काढा.’ वर्षानुवर्षं चालत आलेला हा समज अर्धवट आहे, आणि ब्रेकच्या बाबतीत अर्धवट निदान जिवावर बेतू शकतं.

पेडल स्पंजासारखं लागत असेल तर हवेचा संशय रास्त. पण ते घट्ट लागतं, फक्त खोलवर जाऊन, तर मागच्या ब्रेक ड्रम आणि शूमधलं अंतर आधी तपासा. तेही ठीक असेल तर मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की चाकांकडे ऑइल ढकलणारा पंप, पाहा. कॅलिपरमधल्या मोठ्या पिस्टनना जास्त ऑइल लागतं. जुना सिलिंडर तेवढं एका दाबात ढकलत नाही. १९ मिमी व्यासाऐवजी २२ मिमीचा लावला तर तेवढ्याच हालचालीत सुमारे एक तृतीयांश जास्त ऑइल जातं. पेडल मात्र जड होतं, हे आधीच समजून घ्या. पाय दाबून धरल्यावर ते हळूहळू खाली सरकत असेल, तर कुठे गळती आहे किंवा मास्टरचं आतलं सील गेलंय.

हवा खरंच असेल आणि निघतच नसेल, तर कॅलिपरवरचा हवा काढायचा निपल बघा. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला की निपल खाली येतो आणि हवा वर अडकून राहते.

ऑइल उकळलं म्हणून मे महिन्यातल्या ४५ अंशांना दोष देऊ नका. डॉट ४ या प्रतीच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश, ओलावा शोषल्यावर किमान १५५.